ऑफिसची गर्दी आता तीन दिवसांची! गाळा घेण्याआधी हे गणित करून बघा



रविवारच्या व्हिडिओत "गाळा कुठे घ्यावा" हा विषय अर्ध्यावर राहिला. पंधरा मिनिटांत आकडे दाखवून होतात, पण त्यामागची गोष्ट राहून जाते. ती इथे सविस्तर लिहिते. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये एक हिशोब करायचाय.

एका तारखेपासून सुरुवात करू. २९ फेब्रुवारी २०२०. त्या दिवसापासून महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तो दिवस शनिवारच होता. आधी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असायची, आता सगळ्याच शनिवारी. आता मंत्रालयाच्या आसपासचा चहावाला, वडापाववाला, झेरॉक्सवाला डोळ्यासमोर आणा. त्याचे महिन्याला दोन-तीन धंद्याचे दिवस एका आदेशाने गेले. चहा तोच, चटणी तीच, जागा तीच, मेहनत तीच. त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं, कारण तो आदेश त्याच्यासाठी नव्हताच.

त्यावर तेव्हा फार कोणी बोललं नाही, कारण पुढच्या चार आठवड्यांत सगळंच बंद झालं. मग लॉकडाऊन आला आणि गेला. ते शनिवार मात्र परत आले नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण आज ऑफिसांच्या भागात गाळा, टपरी किंवा फूड काउंटर घ्यायच्या विचारात आहात. "मॅडम, तिथे गर्दी खूप आहे," हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते. माझा प्रश्न ठरलेला असतो. गर्दी आहे हे मान्य. पण ती कोणाच्या सांगण्यावरून येते?

लोंढा आटला तेव्हा

मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ ला ठराविक वेळांपुरती उघडली, एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना प्रवास करता यायला लागला. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष चर्चगेटला आणि सीएसएमटीला सकाळी उतरणारा लोंढा एक तर नव्हता, नाहीतर अर्धामुर्धा होता. फोर्ट आणि नरिमन पॉइंट हे भाग त्याच लोंढ्यावर चालतात. तिथे राहणारी माणसं थोडी, येणारी हजारो. संध्याकाळी सातनंतर तिथल्या गल्ल्यांतून चालून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

डबेवाल्यांचं उदाहरण सगळ्या मॅनेजमेंटच्या पुस्तकांत असतं. मीही बीबीएला त्यावर प्रेझेंटेशन दिलंय. सव्वाशे वर्षांहून जुनी व्यवस्था, चुकामुक जवळजवळ नाही, परदेशी पाहुणे येऊन बघून जायचे. मार्च २०२० मध्ये ती थांबली. त्यांच्या कामात काही खोट होती का? मुळीच नाही. ज्याला डबा पोचवायचा तो माणूसच स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. कित्येक डबेवाले मावळ, राजगुरुनगर, जुन्नरकडे आपापल्या गावी गेले, आणि ऑफिसं उघडल्यावरही त्यातले सगळे काही परतले नाहीत. प्रेझेंटेशनमध्ये आम्ही अचूकतेवर पाच स्लाइड केल्या होत्या. "डबा कोणाला लागतो" यावर एकही नव्हती, आणि प्राध्यापकांनीही ते विचारलं नाही.

आता कंपन्यांकडे बघा. टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलं की २०२५ पर्यंत आमच्या फक्त २५ टक्के माणसांना ऑफिसात यावं लागेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने सांगितलं, आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात या. इन्फोसिसने बऱ्याच कर्मचाऱ्यांसाठी महिन्यातून किमान दहा दिवसांचा नियम धरला. कोण बरोबर, कोण चूक, हा आपला विषय नाही. साडेतीन वर्षांत एका कंपनीचं धोरण उलटंपालटं होऊ शकतं, आणि तिच्या गेटसमोर इडली विकणाऱ्याला त्याचं पत्र येत नाही. त्याने मात्र भाडेकरार तीन वर्षांचा केलेला असतो.

आमच्या वाडीतले एक काका फोर्टमध्ये गेली पंचवीस वर्षं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान चालवतात. गणपतीत गावी आले की आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून गजाली होतात. २०२२ साली मी विचारलं, आता सगळं उघडलं ना? ते म्हणाले, "ऑफिसां उघडली गो, पण माणसां खंय इली? मंगळवार, बुधवार, गुरुवार बरा. सोमवारी आणि शुक्रवारी माश्यो मारीत बसाचा लागता."

हे त्यांचंच एकट्याचं नाही. लंडनमध्येही तेच चित्र आहे, मधले दिवस भरलेले आणि शुक्रवार रिकामा. तिथे मार्च ते मे २०२४ या काळात शुक्रवारी मेट्रो आणि लोकल गाड्यांचं तिकीट सकाळच्या गर्दीच्या वेळीही स्वस्त ठेवून पाहिलं. लोक शुक्रवारी बाहेर पडावेत, हॉटेलं-दुकानं चालावीत हा हेतू. फार फरक पडला नाही. तिकिटाचे पैसे कमी केल्याने माणूस ऑफिसला येत नाही. त्याला यावं लागलं किंवा यावंसं वाटलं तरच तो येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. सगळं खापर वर्क फ्रॉम होमवर फोडू नका. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, १९४८ पासूनचा स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. तेव्हा कोणी घरून काम करत नव्हतं. गाणी मोबाइलवर आली आणि पुस्तकं कुरिअरने यायला लागली. कंपन्याही नरिमन पॉइंट सोडून आधीच बीकेसी आणि लोअर परळला जात होत्या. कोविडने नवीन काही आणलं नाही, जे दहा वर्षांत हळूहळू झालं असतं ते दीड वर्षात उरकलं. म्हणून "आता सगळे परत ऑफिसला बोलावतायत, जुने दिवस येणार" असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. दुसरी बाजूही आहे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. एअर इंडियाची नरिमन पॉइंटची इमारत १,६०१ कोटी रुपयांना राज्य सरकारला द्यायला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे तिथे माणसं येत राहतील. पण ती वेगळी असतील, वेगळ्या वारी येतील, आणि मेट्रोच्या ज्या दारातून बाहेर पडतील त्या दारापाशी तुमचा गाळा असेलच असं नाही.

हे आपल्या लोकांनी एकदा पाहिलंय

१८ जानेवारी १९८२. गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. लालबाग, परळ, वरळीत आपल्या कोकणातली किती घरं होती हे मी सांगायला नको. गावी कुटुंब आणि मुंबईत एकटा पुरुष गाळ्यात दाटीवाटीने राहणारा, दोन वेळचं जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायांचा धंदा गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. संप लांबला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि जेवणाऱ्याकडेच पैसे नाहीत म्हटल्यावर जेवू घालणारीची चूल कशी पेटणार? संपाच्या इतिहासात कामगार आणि मालक भेटतात. या खानावळवाल्या मात्र शोधाव्या लागतात.

प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं, ते याच बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. पुढे गिरणगाव बदललं तेव्हा संस्थेने केटरिंगची कामं घेतली, नोकरदार मुलींसाठी वसतिगृह चालवलं. कौशल्य तेच, चपाती-भाजीचं. खाणारा बदलला. मला यात जे महत्त्वाचं वाटतं ते असं, की एकेकटी बाई हे करू शकली नसती. केटरिंगची मोठी ऑर्डर घ्यायला नाव लागतं, भांडी लागतात, भांडवल लागतं. गट होता म्हणून वळण घेता आलं. बचत गट फक्त कर्जापुरता आहे असं समजणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे जरा लक्षात घ्यावं.

आणि आता आमच्या बाजाराचं बघा

मसुरे हे मालवण तालुक्यातलं वाड्यावाड्यांत पसरलेलं गाव. वर भरतगड, खाडीपलीकडे भगवंतगड. माझं दुकान इथेच. किराणा, थोडी स्टेशनरी, आणि आमच्या घरचा मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, आगळ. इथे ऑफिसं नाहीत, आयटी पार्क तर नाहीच. मग हा विषय मी का सांगतेय?

कारण नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ मध्ये एसटीचा संप झाला. आमच्याकडे एसटी बंद म्हणजे लांबच्या वाडीतली म्हातारी बँकेत येत नाही. बँकेत आली नाही म्हणजे पेन्शन काढत नाही, पेन्शन काढली नाही म्हणजे दुकानाची पायरी चढत नाही. दुपारी साडेबाराची गाडी आली की अर्धा तास दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, आणि त्या पाच महिन्यांत तोच अर्धा तास गायब. मी तेव्हा वहीत लिहून काढलं की माझं कुठलं गिऱ्हाईक कशाने येतं. एसटीने, शाळेने, बँकेने, की माझ्या मसाल्यासाठी मुद्दाम. शेवटच्या रकान्यात फारच थोडी नावं होती. मग रिक्षावाल्याशी बोलून आठवड्यातले दोन दिवस ठरवले, वाडीनिहाय यादी फोनवर घ्यायची आणि सामान एका फेरीत पोचवायचं. संप मिटला, ती फेरी अजून चालू आहे. सगळ्यात जास्त विक्री दुकानातूनच होते, पण फेरीचं गिऱ्हाईक एसटीवर अवलंबून नाही, हा फरक.

दुसरी गोष्ट हंगामाची. कोकणातल्या दुकानदाराला वर्षभर सारखी गर्दी म्हणजे काय ते माहीतच नाही. मे महिना, गणपती, शिमगा, आणि आमच्याकडे आंगणेवाडीची जत्रा. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. भराडी देवीची दीड दिवसाची जत्रा, लाखोंनी माणूस येतो. आणि तारीख? पंचांगात शोधू नका. दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस कधी येणार हे जाहीर होईपर्यंत कळत नाही, आणि तरी खाजेवाले, खेळणीवाले, हॉटेलवाले पिढ्यानपिढ्या त्यावर धंदा करतात. कसा करतात? जागेवर खर्च नाही, स्वतःची नाहीतर तेवढ्या दिवसांपुरती घेतलेली. माणसं त्या दिवसांपुरती, बरीचशी घरचीच. माल असा की उरला तर पुढच्या जत्रेला जाईल. आणि मधल्या दिवसांत दुसरं काहीतरी, काजू, आंबा, मासळी, शेती. वर्षभराचं भाडं जत्रेच्या जोरावर भरू असं म्हणणारा खाजेवाला मी अजून पाहिलेला नाही.

शहरातल्या ऑफिसच्या भागात आता दर आठवड्याला एक छोटी जत्रा भरते, मंगळवार ते गुरुवार. भाडं मात्र तीसही दिवसांचं जातं. आपल्या लोकांना या धंद्याची सवय आहे, हे मी प्रत्येक बॅचला सांगते. गावच्या बाजाराला कमी समजू नका.

आता वही उघडा

माझ्या बॅचमधली एक ताई, मूळची आपल्याच तालुक्यातली, राहते ऐरोलीला. तिथल्या आयटी पार्कजवळ एक गाळा बघून ठेवलाय. घावणे, आंबोळी, दुपारी मालवणी थाळी. हाताला चव आहे, मी खाल्लंय. डिपॉझिटसाठी नवरा पीएफमधली रक्कम काढायला तयार आहे. पुढच्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी आहे. म्हणजे हा पैसा गेला तर नुसता धंदा जात नाही, घरात पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल अशी रक्कम आहे.

तिने मला मांडून दिलेला हिशोब, आकडे थोडे गोल करून, असा होता. दिवसाला १५० गिऱ्हाईकं, प्रत्येकी सरासरी ६० रुपये, म्हणजे ९,००० रुपये. महिन्यात २२ दिवस. विक्री १,९८,००० रुपये. कच्चा माल आणि गॅस ४५ टक्के धरला, तर हातात ५५ टक्के, म्हणजे १,०८,९०० रुपये. भाडं ३५,०००, दोन माणसांचा पगार ३०,०००, लाइट-पाणी-किरकोळ १०,०००. एकूण ७५,००० वजा केले की उरतात ३३,९०० रुपये. वाईट नाही.

मी तिला एकच गोष्ट बदलायला सांगितली. मंगळवार, बुधवार, गुरुवार १५०च धर. सोमवार-शुक्रवार ६० धर. आठवड्याची ७५० गिऱ्हाईकं होती, ती झाली ५७०. म्हणजे २४ टक्के घट. महिन्याची विक्री १,५०,४८०. त्याचे ५५ टक्के ८२,७६४. वजा ७५,०००. उरले ७,७६४ रुपये.

पुन्हा बघा. गिऱ्हाईक चौथ्या हिश्शाने कमी झालं, पण घरी न्यायचे पैसे ३३,९०० वरून ७,७६४ वर आले. तीन-चतुर्थांशाहून जास्त गेले. कारण भाडं आणि पगार सोमवारी सुट्टी घेत नाहीत. आणि यात तिची स्वतःची पहाटे पाचपासूनची मेहनत कुठेच मोजलेली नाही.

तुम्ही तुमच्या जागेचा हिशोब करताना उलटीकडून या. महिन्याचा बांधील खर्च घ्या, त्याला तुमच्या नफ्याच्या टक्क्याने भागा, मग सरासरी बिलाने, मग दिवसांनी. वरच्या उदाहरणात ७५,००० भागिले ०.५५, भागिले ६०, भागिले २२. दिवसाला १०४ गिऱ्हाईकं. एवढी आली तर कुठे ना नफा ना तोटा. आता जागेसमोर उभं राहून विचारा, पावसाळ्यातल्या शुक्रवारी इथे १०४ माणसं माझ्याकडे वळतील का?

आणि खरोखर उभं राहायचं. ताईला मी दोन आठवडे सकाळी साडेआठ ते अकरा आणि दुपारी साडेबारा ते अडीच गेटबाहेर बसून मोजायला लावलं. नुसती माणसं मोजायची नाहीत. बाहेर येऊन खाणारे किती, हातात डबा असलेले किती, कंपनीच्या आतल्या कँटीनलाच जाणारे किती. हे शेवटचं वॉचमनला विचारलं की कळतं. तिथल्या सिक्युरिटीवाल्या दादांनी दहा मिनिटांत जे सांगितलं, ते एजंटने महिनाभर सांगितलं नव्हतं. दोन मजले रिकामे आहेत आणि एका कंपनीने बसायच्या जागा वाटून घेतल्यात, अर्धी माणसं एका आठवड्यात, अर्धी पुढच्या.

बदललेले लोक काय करतात

मोठ्यांचं उदाहरण आधी. प्रेट ए मॉन्जे ही लंडनची सँडविच-कॉफीची साखळी. ऑफिसवाल्यांच्या दुपारच्या जेवणावरच उभी. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी २,८०० हून जास्त नोकऱ्या कमी केल्या. सप्टेंबरमध्ये एक योजना काढली, महिन्याला २० पौंड भरा आणि दिवसाला पाचपर्यंत कॉफी घ्या. गिऱ्हाईक रोज येत नसेल तर महिन्याचे पैसे आधीच घ्या, म्हणजे तो वसूल करायला तरी येईल, हा विचार. शिवाय उपनगरांत आणि छोट्या शहरांत दुकानं काढली. पण ही योजना २०२४ मध्ये त्यांनी गुंडाळली आणि अर्ध्या किमतीच्या योजनेवर आले. तेव्हा मासिक पास, मासिक डबा काढताना "कितीही घ्या" असं कधी लिहू नका. आकडा लिहा. महिन्याला १२ थाळ्या, वापरायची मुदत ४५ दिवस. हायब्रिडवाल्याला २६ थाळ्यांचा डबा नको असतो, त्याला बारा हव्या असतात, आणि तसा डबा देणारे फार कमी आहेत. गंमत म्हणजे याच प्रेटने एप्रिल २०२३ मध्ये भारतातलं पहिलं दुकान उघडलं ते मुंबईत, बीकेसीत. फोर्टमध्ये नाही.

आता आमचे फोर्टचे काका. त्यांनी मालकाची लेखी परवानगी घेऊन गाळ्याचा पुढचा भाग मोबाइलच्या सामानवाल्याला दिला आणि निम्मं भाडं तिथून वळतं केलं. झेरॉक्सचं मशीन मागे नेलं. दोन सीए ऑफिसं आणि काही वकील यांचं प्रिंटिंग-बाइंडिंग महिन्याच्या बिलावर घेतलं, फाइल व्हॉट्सॲपवर येते, माल ते पोचवतात. सोमवारी आणि शुक्रवारी हेच काम करतात. "रस्त्यावरचा गिऱ्हाईक देव पाठवता, पण ह्यो माका फोन करून येता," असं त्यांचं म्हणणं. धंदा पूर्वीएवढा नाही, हे ते लपवत नाहीत. मुलाला मात्र त्या दुकानात बसवणार नाहीत, हेही त्यांनी ठरवून टाकलंय.

घराजवळच्या दुकानांचं काय? ऑफिसात न गेलेला माणूस नाहीसा झालेला नाही. तो डोंबिवलीत आहे, विरारला आहे, ऐरोलीतल्याच सोसायटीत आहे. त्याला अकरा वाजता चहा लागतो, चार वाजता काहीतरी चटपटीत लागतं, प्रिंट काढायची असते, कुरिअर द्यायचं असतं. पूर्वी हे सगळं तो ऑफिसजवळ उरकायचा. मात्र घरी चहा फुकट आहे, हे विसरू नका. घरातून माणूस खाली उतरतो तो घरी न होणाऱ्या पदार्थासाठी. कांदेपोह्यांसाठी उतरणार नाही, गरम आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी उतरेल.

गावाबद्दलही खरं तेच सांगते, कारण "गावी परत या, वर्क फ्रॉम कोकण" असे व्हिडिओ खूप फिरतात. २०२० मध्ये आमच्या वाड्यांत पोरं लॅपटॉप घेऊन आली, रेंजसाठी सड्यावर जाऊन बसायची. तेव्हा माझ्या दुकानात पहिल्यांदा इन्स्टंट कॉफीच्या मोठ्या बाटल्या खपल्या. त्यातली बहुतेक परत गेली. त्यांच्या भरवशावर मसुऱ्यात कॅफे काढायला कोणी निघालं तर मी थांबवेन. एक बदल मात्र टिकला. पूर्वी गणपतीला पाच दिवस येणारी माणसं आता मागेपुढे आठवडाभर घरून काम लावून घेतात आणि दोन-अडीच आठवडे राहतात. माझा गणपतीचा हंगाम तेवढा लांबलाय. मी त्या काळात दूध, ब्रेड, रिचार्ज आणि वायफायचे पॉवर बॅकअप ठेवते, आणि जाताना मसाल्याचा डबा हातात देऊन व्हॉट्सॲप नंबर घेते. तो नंबर पुढचे अकरा महिने कामाला येतो.

करारावर सही करताना

ताईच्या हातात मालकाने दिलेला मसुदा होता. तीन वर्षांचा करार, त्यात दोन वर्षं लॉक-इन, दरवर्षी भाडं वाढणार. लॉक-इन म्हणजे तेवढा काळ तुम्ही सोडून गेलात तरी भाडं तुमच्या डोक्यावर. ज्या गर्दीची खात्री कंपनीचा एचआर देऊ शकत नाही, तिच्यावर तुम्ही दोन वर्षांचं भाडं लिहून देताय. मी तिला तीन गोष्टी मागायला सांगितल्या. लॉक-इन सहा महिन्यांवर आणा, त्याबदल्यात भाडं थोडं जास्त द्यायची तयारी ठेव. गाळा दुसऱ्यासोबत वाटून घ्यायला लेखी परवानगी करारातच हवी. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, तो आकडा लिहून हवा. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी जागामालकाची. "आपल्यात कशाला नोंदणी" म्हणणाऱ्या मालकाकडे डिपॉझिट ठेवू नका, मग तो कितीही गोड बोलो.

दोन आठवड्यांच्या मोजणीत तिचा मंगळवार-बुधवार अपेक्षेपेक्षा चांगला निघाला, शुक्रवार मी धरला होता त्याहून वाईट. म्हणून तिने दोन कामं एकदम सुरू केलीत. घरच्या स्वयंपाकघरातून, एफएसएसएआयची नोंदणी करून, मंगळवार ते गुरुवार बारा थाळ्यांचा डबा. पहिल्या महिन्यात १९ जणांनी पैसे भरले. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटवर आंबोळीचं टेबल. पीएफचा अर्ज कपाटात आहे. लॉक-इन सहा महिन्यांचं करण्याबद्दल मालकाला मेसेज गेलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर यायचंय.

मोजणीचा तक्ता मी व्हिडिओखाली टाकलाय, छापून घ्या. वार, वेळ, बाहेर खाणारे, डबेवाले, कँटीनवाले, असे पाच रकाने आहेत. दोन आठवडे भरून झाले की मला पाठवा, पुढच्या रविवारी त्यातले तीन तक्ते घेऊन आपण हिशोब करू.